चरकाशेजारचा कोयता

गुळाचा वास गोड असतो असं सगळे म्हणतात. मला तो आला की आधी रक्त आठवतं, मग गूळ. दिवाळी सरते, सकाळी अंगाला गारठा झोंबायला लागतो, आणि एक दिवस कॉलेजातून मलकापूरच्या घराकडे येताना वाऱ्यावर कुठल्या तरी गुऱ्हाळाचा पहिला धूर येतो. शेजारी बसलेली बाई डोळे मिटून म्हणते, "अहाहा, गूळ शिजतोय." मी रिक्षाची दांडी घट्ट धरून बसते.

मी तत्त्वज्ञान शिकवते. हे सांगितलं की लोक एक तर मला प्रवचनाला बोलावतात, नाही तर माझी कीव करतात. पोरंही विषय सोपा वाटतो म्हणून येतात आणि मग अडकतात. परवा अशाच एकानं वर्गात प्रश्न टाकला. बिनड्रायव्हरची गाडी आहे, ब्रेक लागत नाही, समोर म्हातारी आहे, बाजूला शाळेची पोरं आहेत. गाडीनं कुणाला उडवायचं? हे कोडं जुनंच आहे, पूर्वी त्यात रुळावरची गाडी असायची, आता मोबाइलवरून नवं होऊन आलंय. वर्ग असा काही पेटला की तास संपेस्तोवर आम्ही निम्मं मलकापूर उडवलं. कोण म्हणे म्हातारीला मारा, तिचं झालंय जगून. कोण म्हणे पोरं पळू शकतात, तिला पळता येत नाही. माणसं मारायची म्हटलं की शांत पोरांनाही किती कंठ फुटतो, हे मी दर वर्षी बघते. शेवटी एकीनं विचारलं, "मॅडम, तुम्ही काय केलं असतं?"

मी हजेरीचं पुस्तक मिटलं. त्याच दिवशी सकाळी दादाचा फोन आला होता. "नवा चरक आलाय. रविवारी नारळ फोडायचा हाय. तू ये."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. कृष्णाकाठच्या आमच्या मळ्यात आजोबांच्या वेळेपासून गुऱ्हाळ आहे. ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगते. चरक म्हणजे ऊस चिरडणारं यंत्र. तीन जाडजूड लोखंडी रूळ एकमेकांना घासून फिरतात. समोर एक फळी असते, तिला आम्ही पाट म्हणतो. पाटावरून उसाची मोळी रुळांच्या तोंडात द्यायची. ऊस कडाकड मोडतो, खाली रस पडतो, मागून चिपाडं बाहेर येतात. रुळांना ऊस आणि माणूस यांतला फरक कळत नाही. एकदा बोट लागलं की मनगट जातं, मनगट गेलं की कोपर, आणि इंजिन बंद होईस्तोवर खांदा. इंजिन असतं भिंतीपलीकडच्या खोपटात आणि त्याचा आवाज असा की इकडे माणूस ओरडून मेला तरी तिकडे ऐकू जात नाही.

म्हणून आमच्याकडे चरकाच्या डाव्या खांबाला कोयता टांगलेला असायचा. ऊस तोडायचा नव्हे. तो कोयता हात तोडायचा होता.

दर हंगामाला, चुलाण पेटवायच्या आधी, त्याला धार लावायची, हळदकुंकू वाहायचं, आणि मग जो माणूस त्या हंगामात चरकात ऊस लावणार असेल त्यानं सगळ्यांदेखत एक नाव घ्यायचं. "माझा हात अमक्याच्या हातात." बस, एवढंच. ज्याचं नाव घेतलं त्यानं कोयता कपाळाला लावायचा. नाही म्हणायचं नाही. मग चरक चालू असेपर्यंत त्यानं तिथून हलायचं नाही, आणि वेळ आलीच तर विचार करायचा नाही. भाऊबंदकी होती, बांधावरून डोकी फुटत होती, पण त्या एका सकाळी कळायचं की कोण कुणाला खरोखर मानतो. ज्यांचं बोलणं बंद होतं अशा दोघा चुलतभावांनी एकमेकांची नावं घेतलेली मी लहानपणी ऐकली आहेत. मला त्या रिवाजाचा फार अभिमान होता. पुण्यात एम.ए. करताना तर मी मैत्रिणींना तो रंगवून सांगायची. त्या तोंडाला हात लावायच्या आणि मला वाटायचं, आमचं गाव बघा कसं आहे.

मी एम.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, त्या हंगामात ऊस लावायला दादा होता. आबा, म्हणजे आमचे वडील, फौजेतून हवालदार होऊन आलेले, छाती काढून उभे होते. सगळ्यांना वाटलं दादा त्यांचंच नाव घेणार. दादा म्हणाला, "माझा हात सुरेखाच्या हातात."

सुरेखा म्हणजे माझी वहिनी. आमच्या घरात नवरा बायकोचं नाव चारचौघांत घेत नाही. सगळ्यांनी आधी एकमेकांकडे बघितलं, आणि मग जो हशा उसळला! इंजिनावरचा बाळू म्हणाला, "दादा, बायकूच्या हातात कोयता दिलासा? आता घरात भांडू नका." आबांचा चेहरा उतरला. वहिनी आटपाडीकडची, मेंढरांमागं वाढलेली, उंच, हाडापेरानं मजबूत. ती चिपाडं उचलायला तिथंच असायची, म्हणून तिचं नाव घेतलं असं दादानं नंतर कारण दिलं. वहिनीनं हसणाऱ्यांकडे बघितलंही नाही. कोयता कपाळाला लावला, पदर खोचला आणि कामाला लागली.

संक्रांतीच्या सुट्टीला मी घरी आले होते. सकाळची वेळ, उन्हं नुकती आलेली, माझ्या हातात रसासाठी तांब्या. दादानं थंडी म्हणून आबांची फौजेतली खाकी जर्सी घातली होती. तिच्या मनगटापाशी लोकर उसवली होती. ते सुटलेले धागे उसाच्या कांड्यात अडकले.

मी ते सगळं बघितलं. दादाचा हात मोळीबरोबर आत गेला. ऊस मोडताना येतो तसाच आवाज आला, फक्त ओला. दादा ओरडलाच नाही, त्याचं तोंड नुसतं उघडलं. दुसऱ्या हातानं तो चरकाला ढकलत होता, पाय पाटाला लावून मागं ओढत होता, आणि रूळ शांतपणे त्याला गिळत होते. रसाच्या धारेत तांबडं आलं. कुणी तरी "बाळूऽऽ" म्हणून खोपटाकडे धावलं. वहिनीच्या हातातली चिपाडं खाली पडली. तिनं कोयता काढला. पहिला घाव हाडावर अडला. दुसरा घाव पडला आणि दादा मागं कोसळला. त्याच सुमाराला चरक फिरवणारा इंजिनाचा पट्टा सुटून फाटकन भिंतीवर आपटला आणि चरक कुरकुरत थांबला.

वहिनीनं स्वतःचा पदर टराटरा फाडला, दादाच्या कोपराच्या वर आवळला, त्यात उसाचं कांडं घालून पिळा दिला आणि त्यावर गुडघा दाबून बसली. तिच्या तोंडावर, केसांत, मंगळसूत्रावर रक्त होतं. "गाडी काडा," एवढंच ती म्हणाली. दादा वाचला. कोपराखालचा उजवा हात गेला. त्या दिवशीचा काहीलभर रस ओढ्यात ओतला, आणि दुपारपर्यंत तिथं माश्यांचं मोहोळ उठलं होतं.

इथं ही गोष्ट संपायला हवी होती. पण घाव बरा होतो आणि प्रश्न चिघळतो, ते तिथून सुरू झालं. दुसरा घाव आधी पडला की पट्टा आधी सुटला? मी दहा पावलांवर उभी होते, डोळे उघडे होते, आणि तरी मला सांगता येत नाही. बाळू म्हणायचा, "मी पट्टा पाडतच व्हतो. वैनी एक श्वास थांबली असती तर हात ऱ्हायला असता." पट्टा सुटला तरी ते जड रूळ आपल्या वजनानं किती फिरले असते, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गावाला काय, तेवढा एक श्वास पुरला. पारावर, गिरणीत, पिठाच्या डब्यापाशी, सगळीकडे तो श्वास मोजला जाऊ लागला. बायकासुद्धा म्हणायला लागल्या, "मेंढरं कापणाऱ्यांची पोर. हात चालला आसंल पटकन." हे बोलणाऱ्यांच्या जिभा त्याच कोयत्यानं छाटाव्यात असं मला तेव्हा वाटत होतं. आजही वाटतं.

एकदा चौकात बाळू हेच बोलत होता आणि मागून आबा आले. शेजारून उसाची ट्रॉली चालली होती. आबांनी तिच्यातला एक ऊस उपसला आणि बाळूला बडवायला सुरुवात केली. ऊस मोडला तेव्हा दुसरा घेतला. "लेका, तुला ऑर्डर नव्हती! तिला व्हती! तिनं ऑर्डर पाळली!" म्हातारा रडत होता आणि मारत होता. बाळूनं हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी सुजलेल्या तोंडानं तो कामावर आला आणि इंजिन चालू केलं. बाळू खोटं बोलत नव्हता, हीच तर अडचण होती. त्याला जे वाटत होतं तेच तो बोलत होता.

दादा मात्र बोलत नव्हता. त्या बाबतीत एक अक्षर नाही. वहिनी त्याला भरवायची, तो खायचा. डाव्या हातानं शर्टाची बटणं लावायला शिकला. रस कधी घट्ट आला, गुळाची काहील चुलाणावरून कधी उतरवायची, हे बघायचं काम त्यानं घेतलं आणि त्यात तो पटाईत झाला. दोघं एकमेकांशी बैलाबद्दल बोलायची, पाण्याच्या पाळीबद्दल बोलायची. त्या सकाळबद्दल नाही.

उन्हाळ्यात एकदा गोठ्यात वहिनी मला म्हणाली, "वन्सं, तुमी लय शिकलाय. एक सांगा. मी थांबले आसते तर?"

मी माझं शिक्षण बाहेर काढलं. म्हटलं, वहिनी, असं बघायचं असतं की त्या क्षणी आपल्याला काय ठाऊक होतं. परिणामावरून ठरवलं तर एक उत्तर येतं, हेतूवरून ठरवलं तर दुसरं. ती शेण ओढत ऐकत होती. माझं झाल्यावर म्हणाली, "म्हंजे तुमाला बी म्हाईत न्हाई."

"दादालाच विचार ना मग."

ती थांबली. "आन् त्यांनी व्हय म्हनलं तर? थांबायला पायजे व्हतं म्हनलं तर? मग मी त्या मानसाच्या ताटात भाकरी कशी वाडू?"

याचं उत्तर कुठल्याही जाड पुस्तकात मला अजून सापडलेलं नाही.

पुढचा हंगाम आला. चुलाण लिंपलं, कोयत्याला धार लागली. चरकावर उभं राहायला कुणी तयार होईना. शेवटी बाळू पुढे आला. खालमानेनं उभा राहिला आणि म्हणाला, "माझा हात वैनींच्या हातात."

सगळ्यांना कळलं तो काय म्हणतोय. माफी मागायची याहून मोठी रीत आमच्या गावात नाही. आबांनी तोंड फिरवून डोळे पुसले. वहिनीनं खांबावरचा कोयता काढला. आता ती तो कपाळाला लावणार म्हणून आम्ही हात जोडले.

तिनं तो पाटावर हाणला. एक घाव, दुसरा, तिसरा. ढलप्या उडाल्या, एक आबांच्या कपाळाला लागली. तिच्या तोंडून शब्द निघत नव्हता, नुसता हुंकार. आजोबांच्या वेळचा, शेकडो हातांनी गुळगुळीत झालेला बाभळीचा पाट तिनं फोडून सरपण केला, आणि तेव्हा कुठं थांबली. मग धापा टाकत म्हणाली, "परत न्हाई. कुनाचाबी हात मला नगो. सुतार बोलवा. मानसाच्या हातापरीस लांब पाट करा. हात पोचलाच न्हाई तर खाईल कशाला त्यो?"

सुतारानं दादाचा डावा हात धरून माप घेतलं, त्यावर आणखी वीतभर सोडली, आणि दुसऱ्या दिवशी लांबलचक पाट बसवला. वरून झाकण. ऊस काठीनं पुढं सरकवायचा. झालं. यात कुठलंही विज्ञान नव्हतं. हे आजोबांना करता आलं असतं, आबांना करता आलं असतं.

मग का नाही केलं? या प्रश्नानं माझी कित्येक वर्षं खाल्ली आहेत. आम्ही काही मूर्ख नव्हतो. मला वाटतं, त्या कोयत्यानंच आम्हाला थांबवलं. दर वर्षी त्याला धार लावताना आम्हाला वाटायचं की संकटाचा विचार आम्ही करून ठेवलाय. किती सुंदर रिवाज, केवढा विश्वास, डोळ्यांत पाणी आणणारा! एवढं सगळं असताना फळी लांब करायचं सुचणार कुणाला? आपल्या शौर्याचं कौतुक करण्यात आम्ही गुंग, आणि चरक आपला तोंड उघडं टाकून बसलेला. माझ्या वर्गातली पोरंही म्हातारीला मारू की पोरांना, यावर एकमेकांचे गळे धरतात. बिनब्रेकची गाडी रस्त्यावर सोडली कुणी, हे एकजण विचारत नाही. मी शिकवते त्या विषयानंही हेच पाप पिढ्यान्‌पिढ्या केलं आहे. कोड्याला धार लावत बसलो आम्ही.

प्रगती म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढं पांढरा डगला घातलेला कुणी तरी येतो. माझ्यापुढं ढलप्या उडवणारी वहिनी येते. मला नाही वाटत नवं काही शांतपणे सुचतं. कुणाचा तरी जीव जळतो, कुणी तरी जुनं फोडतं, आणि मग शहाणी माणसं येऊन त्याला शोध म्हणतात. तेही लगेच नाही. आजूबाजूच्या गुऱ्हाळवाल्यांनी आधी आमची यथेच्छ टिंगल केली. "काठीनं ऊस सारत्यात. ही गुऱ्हाळ हाय का बालवाडी?" रस कमी पडतो, वेळ जातो, हाताची सर काठीला नाही. मग एकेकानं गुपचूप आपापला पाट लांब केला. सुरेखाचं नाव कुणी घेतलं नाही.

आणि हेही सांगायला हवं, की त्या पाटानं आमचं एक काही तरी गेलं. हंगामाच्या सकाळी नाव घ्यायची गरज उरली नाही. कोण कुणाला मानतो हे आता कळत नाही. लांब पाट आल्यावर माणसंही एकमेकांपासून हातभर लांब गेली, असं माझ्या मनात येतं आणि मग मलाच माझा राग येतो. विश्वासाची किंमत म्हणून माणसाचं हाड मागणारा तो रिवाज जळो. पण त्याची जागा भरून काढणारं दुसरं काही आम्ही बसवलं नाही, तेवढं खरं.

कोयता मात्र खांबाला तसाच राहिला. गंजला. त्याला हात लावायचा धीर कुणाला नव्हता.

रविवारी मी गेले. नवा चरक माधवनगरच्या एका कारखान्यात बनवलेला, हिरवा रंग, विजेवर चालणारा, लाल बटण. बरोबर आलेला मेकॅनिक मोठा उत्साही. म्हणाला, "ताई, हात जवळ गेला की आपोआप बंद. बघा." त्यानं एक रबरी हातमोजा घेतला, त्यात चिपाडं कोंबली, फुगवून हाताच्या आकाराचा केला आणि चालू चरकाच्या तोंडाशी नेला. रूळ खाडकन थांबले. मोज्याची फक्त बोटांची टोकं चेपली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबा असते तर त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला असता. बाळूनं, त्याचेही केस आता पांढरे झालेत, तो मोजा उचलून दोन्ही बाजूंनी बघितला आणि खाली ठेवला.

वहिनी टाळ्या वाजवत नव्हती. ती त्या मोज्याकडे बघत होती. मला कळत होतं तिच्या मनात काय चाललंय. रूळ असेही थांबतात. एका क्षणात. म्हणजे थांबू शकतात. इतकी वर्षं दाबून ठेवलेला तो एक श्वास परत तिच्या छातीवर येऊन बसला होता.

मेकॅनिकला कशाचा पत्ता नव्हता. तो म्हणाला, "दादा, तेवढा तो गंजका कोयता काढून टाका आता. बरा दिसत नाही मशीनशेजारी."

मग दादा उठला. डाव्या हातानं त्यानं खांबावरचा कोयता काढला, शर्टाला पुसला. वहिनीजवळ गेला आणि तो तिच्या हातात दिला. तिला काही कळेना, आम्हालाही कळेना. दादा चरकाकडे वळला, उरलेला एकुलता एक हात त्यानं पाटावर पालथा ठेवला, आणि सगळ्यांदेखत, त्या सकाळसारख्याच आवाजात म्हणाला, "माझा हात सुरेखाच्या हातात."

या वेळी कुणी हसलं नाही.

वहिनीचा चेहरा आधी दगडासारखा होता आणि मग तो फुटला. इतक्या वर्षांत मी तिला रडताना पहिल्यांदा बघितलं, आणि ते रडणं नव्हतं, भांडण होतं. "तवाच का न्हाई बोललासा? आं? रोज मरत व्हते मी. तवाच का न्हाई बोललासा?"

"तू कवा इचारलंस?" दादा म्हणाला. त्याचाही आवाज फुटला होता. "मला वाटलं, तुला म्हाईत आसंल."

वहिनीनं कोयता उगारला. मेकॅनिक घाबरून मागं सरला. तिनं तो सगळा जीव एकवटून खांबात हाणला, पातं अर्धं लाकडात गेलं. डोळे पुसले. नाक ओढलं. मग नवऱ्याला म्हणाली, "आदी त्यो हात पाटावरनं काडा."